तार उडते तेव्हा

घरातले दिवे एकाएकी गेले की "फ्यूज उडाला" असे म्हणण्याचा प्रघात आहे. चिनी मातीचा फ्यूज उपसून पाहावा, तो आतली कल्हई केलेली तांब्याची बारीक तार मध्येच तुटलेली असते आणि पुष्कळदा तिच्या दोन्ही टोकांना खसखशीएवढे गोळे जमलेले दिसतात. ते गोळे पाहिले म्हणजे ही तार उडालेली नव्हे, नुसती वितळून गळलेली आहे, हे ध्यानात येते. क्वचित मात्र निराळे दृश्य दिसते. तार मुळीच उरलेली नसते. मातीच्या अंगावर काळसर धुराचा पट्टा तेवढा उमटलेला असतो, आणि दिवे गेले त्या क्षणी 'फट्' असा आवाज झाला होता, हे घरातल्या कुणाला तरी आठवते. आपल्या भाषेने दोन्ही प्रसंगांना एकच क्रियापद लावले आहे. परंतु निसर्गाच्या दृष्टीने हे दोन प्रकार अगदी भिन्न होत. पहिला विजेच्या अतिरिक्त भाराचा, तर दुसरा विजेच्या आकस्मिक लोंढ्याचा.

हा दुसरा प्रकार माणूस हेतुपुरस्सर घडवून आणू लागला, त्याला आता अडीचशेहून अधिक वर्षे लोटली. त्या काळी फ्यूज नव्हता, विजेचा दिवा नव्हता, सतत वाहणारा प्रवाह देणारा विद्युद्घटही नव्हता. होती ती घर्षणाने वीज उत्पन्न करणारी काचेची यंत्रे आणि १७४५-४६ च्या सुमारास जर्मनी व हॉलंड या देशांत जवळजवळ एकाच वेळी सापडलेली लेडनची बरणी. काचेच्या बरणीला आतून आणि बाहेरून धातूचा वर्ख चिकटवावयाचा, आतल्या वर्खाला यंत्रातून वीज पोचवीत राहावयाचे, आणि मग दोन्ही वर्ख एखाद्या वाहकाने एकदम जोडावयाचे, एवढीच ती युक्ती. रांजणात थेंबथेंब पाणी साठवावे आणि मग त्याचा तळच फोडावा, तसा हा प्रकार. अर्धा तास यंत्राचा दांडा फिरवून गोळा केलेली वीज डोळ्याचे पाते लवण्याच्या आत मोकळी होई. तिच्या वाटेत केसासारखी तार ठेवली तर काय होते, हे पाहण्याचा मोह कुणाला आवरणार?

पण प्रारंभीचा प्रश्न गंमतीचा नव्हता. विजेचा अग्नी आणि चुलीतला अग्नी एकच की निराळे, असा तो प्रश्न होता. वीज कोसळली असता म्यानातली तलवार वितळते आणि म्यान शाबूत राहते, थैलीतली नाणी विरघळतात आणि थैलीला डागही पडत नाही, अशा कथा युरोपात प्राचीन काळापासून प्रचलित होत्या. फिलाडेल्फियाचा बेंजामिन फ्रँकलिन हा विजेच्या शास्त्रातला त्या वेळचा मोठा अधिकारी. त्यानेही या कथा खऱ्या मानल्या होत्या, आणि वीज धातूचे कण उष्णतेवाचूनच सुटे करते, म्हणजे धातू थंडपणेच वितळतो, असा तर्क बसविला होता. तर्क मोठा आकर्षक होता. तलवार वितळूनही म्यान का जळत नाही, याचा त्यायोगे आपोआप उलगडा होई.

त्या तर्काला धक्का दिला तो फ्रँकलिनच्याच एका स्नेह्याने. एबेनेझर किनर्स्ली हा विजेवर जाहीर व्याख्याने देत गावोगाव फिरलेला गृहस्थ. १२ मार्च १७६१ रोजी फ्रँकलिनला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला प्रयोग कळविला. सुमारे २४ इंच लांबीची पितळेची बारीक तार त्याने उभी टांगली, तिच्या खालच्या टोकाला एक पौंडाचे वजन अडकविले आणि बरण्यांच्या संचातली सारी वीज तिच्यातून सोडली. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत लालबुंद झाली आणि थंड झाल्यावर मोजून पाहता पूर्वीपेक्षा इंचभराहून अधिक लांब भरली. दुसऱ्या खेपेस ती वितळून मध्याच्या आसपास तुटली. तुकडे जोडून मोजले तेव्हा मूळ लांबीपेक्षा चार इंच वाढ झालेली होती. लाल झालेली, मऊ पडलेली, वजनाने ताणली गेलेली तार म्हणजे सोनाराच्या भट्टीतून काढलेल्या तारेसारखीच तार. येथे थंड वितळण्याला जागा कुठली? तलवारीच्या कथेतही धातूचा पातळसा थर क्षणभर वितळून लागलीच थिजला असला पाहिजे, एवढाच तिचा अर्थ उरला.

फ्रँकलिनने १७६२ साली पाठविलेल्या उत्तरात आपली चूक मान्य केली. त्याची तोपर्यंतची कीर्ती लक्षात घेता ही गोष्ट लहान नव्हे. पुढे याच तारेच्या नादी लागलेल्या दुसऱ्या काही विद्वानांच्या वाट्याला असाच प्रसंग आला.

तार नुसती तापविण्याऐवजी तिचा पुरता स्फोट घडविण्याचा पहिला व्यवस्थित वृत्तांत लंडनच्या एडवर्ड नेअर्न याचा मानला जातो. हा धंद्याने उपकरणे तयार करणारा कारागीर. १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने आपल्या स्वतःच्या हातच्या यंत्राने केलेल्या प्रयोगांचे निवेदन छापले. तार मंडलात या ठिकाणी ठेवा की त्या ठिकाणी, ती सारखीच वितळते, हे त्याला आढळले. म्हणजेच एका ओळीत जोडलेल्या मंडलात प्रवाह सर्वत्र सारखाच असतो. आज शाळेतला मुलगा हे पाठ म्हणतो. परंतु ओहमचा नियम अवतरण्यास तेव्हा अर्धशतक अवकाश होता. नेअर्नने १७८० साली आणखी एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. वजन न लावता ठेवलेल्या तारेतून विजेचे झटके पुनःपुन्हा सोडले, की तार लांब होण्याऐवजी आखूड होत जाते. वजन लावलेली किनर्स्लीची तार वाढली होती, वजनाविना असलेली नेअर्नची तार आटली. दोन्ही निरीक्षणे बिनचूक होती. तारेच्या आत नेमक्या कोणत्या शक्ती झगडत असतात, हा प्रश्न मात्र तेव्हापासून शिल्लक राहिला.

कारागिराच्या टेबलावरचा हा खेळ भव्य प्रमाणावर नेला तो हॉलंडमधील हार्लेम या गावी मार्टिनस व्हान मारुम याने. टायलर या धनिकाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संग्रहालयासाठी जॉन कथबर्टसन या कारागिराने १७८४ साली एक प्रचंड घर्षणयंत्र तयार केले. त्याच्या दोन काचेच्या तबकड्यांचा व्यास ६५ इंच, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीएवढा होता आणि त्याच्या ठिणग्या दोन-दोन फूट उडत. ते यंत्र त्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. व्हान मारुमने लेडनच्या बरण्यांचा मोठा ताफा या यंत्राने भरून निरनिराळ्या धातूंच्या तारा कागदावर उडविल्या. तार नाहीशी होई आणि कागदावर तिच्या भस्माचा ढग उमटे. दर धातूचा रंग निराळा, रेखा निराळ्या. हे ठसे त्याने आपल्या ग्रंथात चित्रे काढून छापले आहेत.

स्फोटानंतर मागे राहणाऱ्या या भस्मातच मायकेल फॅरडेला पुढे एक खजिना सापडला. १८५७ साली रॉयल सोसायटीपुढे सोने आणि प्रकाश यांच्या परस्परसंबंधावर व्याख्यान देताना त्याने जे प्रयोग वर्णिले, त्यांत सोन्याच्या तारा काचेजवळ विजेने उडविण्याचे प्रयोग होते. काचेवर बसलेला पातळ थर सोनेरी दिसत नसे. तो कुठे माणकासारखा लाल, कुठे जांभळा, कुठे हिरवट दिसे. धातू तोच, पण कण इतके सूक्ष्म की प्रकाशाशी त्यांचे वर्तनच पालटलेले, हा त्याचा निष्कर्ष. अतिसूक्ष्म कणांचे जे शास्त्र विसाव्या शतकात फोफावले, त्याच्या उगमाशी फॅरडेचे हे लाल सोने आहे. पुढे रशियात तोम्स्क येथील शास्त्रज्ञांनी ॲल्युमिनियमसारख्या धातूंच्या तारा एकामागून एक उडवून अतिसूक्ष्म भुकटी करण्याची रीतच बसविली.

तार उडते म्हणजे नेमके काय होते, हे येथे सांगितले पाहिजे. प्रवाह बेताचा वाढला, तर तारेतली उष्णता हवेत व टोकांकडे जाण्यास सवड मिळते. एखादी दुबळी जागा आधी वितळते, थेंब ओघळतो, वाट तुटते आणि उरलेली तार घट्टच राहते. लोंढा आकस्मिक असला तर ही सवड नाही. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहालक्षावा भाग. तेवढ्या अवधीत तारेचे सबंध अंग एकदम तापते. तापलेल्या धातूचा विजेला होणारा विरोध वाढतो. तांब्याचा विरोध वितळण्यापर्यंत सुमारे सहापट होतो आणि वितळताना पुन्हा दुप्पट. विरोध वाढला की उष्णता अधिक, उष्णता वाढली की विरोध अधिक, असे हे रहाटगाडगे फिरू लागते. तार वितळते, पण ओघळण्यास वेळच नाही. द्रव धातूचा खांब तारेच्याच आकारात क्षणभर अधांतरी उभा राहतो. तो उकळण्याच्या मर्यादेपलीकडे तापतो आणि मग सर्व अंगाने एकदम वाफ होऊन फाकतो. हवेला बसणारा तो तडाखा ध्वनीपेक्षाही वेगाने धावतो. आवाज होतो तो त्याचाच.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. धातूची दाट वाफ विजेची चांगली वाहक नसते. त्यामुळे ऐन स्फोटाच्या क्षणी प्रवाह जवळजवळ थांबतो, आणि भरधाव पाणी वाहत असता नळ एकदम बंद केला म्हणजे नळीला जसा दणका बसतो, तसा मंडलातला विद्युद्दाब उसळी घेतो. संचात वीज अजून शिल्लक असली, तर वाफ पसरून विरळ होताच तार जिथे होती त्याच वाटेने ठिणगी पडते आणि प्रवाह पुन्हा वाहू लागतो. तार नसताना तारेच्या जागेतून जाणारा हा दुसरा प्रवाह दिपवून टाकणारा प्रकाश देतो. तारेची लांबी आणि विजेचा साठा यांचे प्रमाण नेमके साधले, तर ही दुसरी ठिणगी टाळताही येते.

हा प्रकाशच एका ज्योतिर्विदाला हवा होता. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेने डोंगरावर दुर्बिणी आणि पायथ्याशी पॅसाडेना येथे प्रयोगशाळा अशी जोड ठेवली होती; ताऱ्यांच्या वर्णपटात जे दिसेल, ते भट्टीत किंवा ठिणगीत निर्माण करून पडताळावयाचे, हा तिचा परिपाठ. भट्टीची मजल काही सहस्र अंशांच्या पलीकडे जाईना. तेथील जॉन अँडरसन याने १९२० साली ही कुंपणे ओलांडली. ०.४ मायक्रोफॅराडचा कंडेन्सर २६,००० व्होल्टपर्यंत भरून त्याने तो बारीक तारेतून मोकळा केला. या साठ्यातली एकंदर ऊर्जा सुमारे ३२ कॅलरी. तिने चहाचा चमचाभर पाणी पुरते सहा-सात अंश तापेल! परंतु ती सेकंदाच्या एक लक्षांश भागात खर्ची पडली असे धरले, तर तेवढ्यापुरती सरासरी १८,००० अश्वशक्ती भरते. अँडरसनच्या हिशेबाने उष्णतामान २०,००० अंशांच्या आसपास गेले, म्हणजे सूर्यपृष्ठाच्या तिपटीहून अधिक. आणि तेज सूर्यपृष्ठाच्या शंभरपट. एका घरगुती वस्तूतून, पृथ्वीवर, निळ्या ताऱ्यांचे उष्णतामान हाती आले होते.

त्याच साली कलकत्त्यात मेघनाद साहा यांनी उष्णतामान आणि दाब यांवरून अणूंतले इलेक्ट्रॉन किती प्रमाणात सुटतील, याचे गणित मांडले. ताऱ्यांच्या वर्णपटांतल्या रेषा अशा का, हे त्या गणिताने उमगू लागले. उडालेल्या तारेच्या प्रकाशातल्या रेषा उलगडण्यासही किल्ली हीच. (अँडरसनकडे पुढे पालोमार येथील २०० इंची महादुर्बिणीच्या उभारणीची जबाबदारी आली. मायक्रोसेकंदाच्या स्फोटातून तो वीस वर्षे चाललेल्या कामाकडे वळला!)

एवढे प्रचंड उष्णतामान सहज साधते म्हटल्यावर मोठ्या आशा पल्लवित होणे स्वाभाविक होते. शिकागो विद्यापीठात जेराल्ड वेंट आणि क्लॅरेन्स आयरियन यांनी टंगस्टनच्या अतिसूक्ष्म तारा काचेच्या फुग्यात उडविल्या आणि स्फोटानंतर उरलेल्या वायूत हेलियमची खूण दिसते, असे १९२२ साली जाहीर केले. टंगस्टनचा जड अणू उष्णतेने फुटून त्यातून हेलियम बाहेर पडला, असा त्याचा अर्थ होई. वृत्तपत्रांना किमयेची वार्ता नेहमीच गोड लागते. ही वार्ताही झपाट्याने पसरली. केंब्रिजहून अर्नेस्ट रदरफर्ड यांनी शांतपणे शंका उपस्थित केली. क्ष-किरणांच्या नळीत टंगस्टनवरच लाख-लाख व्होल्टच्या वेगाचे इलेक्ट्रॉन सतत आदळत असतात; तेथे कधी हेलियम आढळत नाही. मग तारेतच ते कोठून यावे? शिवाय २०,००० अंश हा आकडा डोळे दिपविणारा असला, तरी त्या उष्णतामानात इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा दोन व्होल्टच्या धक्क्याएवढीच भरते. अणूचे केंद्र फोडावयास याच्या लाखो पटींनी ऊर्जा लागते.

तरीही शंका म्हणजे पुरावा नव्हे. प्रयोगाचे उत्तर प्रयोगानेच द्यावयाचे होते. सिंक्लेअर स्मिथ याने १९२४ साली निर्वात नळीत तारा उडवून पाहिल्या आणि त्याला वेगळीच गोष्ट आढळली. निर्वातात तार तापली की तिच्या अंगातून वायू सुटतो आणि विजेचा लोंढा तारेला सोडून त्या वायूतूनच निसटून जातो. तार तेवढी तापतच नाही. ज्या उष्णतामानाच्या जोरावर अणू फुटल्याचे सांगितले गेले, ते उष्णतामानच तेथे नव्हते! त्याच साली खुद्द शिकागोत विल्यम हार्किन्स आणि त्याचा तरुण सहकारी सॅम्युएल ॲलिसन यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि मागे राहिलेल्या वायूत हेलियमचा मागमूसही त्यांना लागला नाही. टंगस्टनच्या किमयेचे प्रकरण तेथेच मिटले. किनर्स्लीने फ्रँकलिनला दिलेल्या धक्क्याचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणावी लागेल. फरक एवढाच, की या वेळी मूळ पत्र ज्या गावातून निघाले, त्याच गावातून उत्तर आले.

ॲलिसनचे नाव येथे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉस येथे प्लुटोनियमचा बाँब बनविण्याचे काम चालले होते. प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती स्फोटके रचून तो चहूकडून सारखा दाबावयाचा, अशी ती योजना होती. दाब एका अंगाने जरा आधी पडला, तर गोळा दाबला जाण्याऐवजी दोन बोटांत धरलेल्या भिजलेल्या चिंचोक्यासारखा निसटावयाचा. स्फोटाची लाट एका मायक्रोसेकंदात सात-आठ मिलिमीटर धावते. म्हणजे बाहेरच्या आवरणातल्या ३२ ठिकाणी एकाच वेळी ठिणगी पडली पाहिजे, आणि 'एकाच वेळी' याचा अर्थ मायक्रोसेकंदाच्या लहानशा अंशात. सुरुंग उडविण्याच्या नेहमीच्या विद्युत्टोप्यांत तार हळूहळू तापते, तिच्यालगतचे हळवे द्रव्य पेट घेते आणि मग मुख्य स्फोटक उडते. त्यांच्या वेळांतला फरक सहस्रांश सेकंदांचा; तेवढ्यात स्फोटाची लाट कित्येक मीटर पुढे गेलेली असेल.

१९४४ साली लुईस अल्व्हारेझ आणि त्याचा विद्यार्थी लॉरेन्स जॉन्स्टन यांनी हळवे द्रव्य अजिबात काढून टाकले. बारीक तार सरळ मुख्य स्फोटकाला लावली आणि तिच्यातून कंडेन्सरचा कित्येक हजार व्होल्टचा लोंढा सोडला. तार तापून पेटवीत नाही. ती स्वतःच उडते आणि तिचा तडाखाच स्फोटकाला जागे करतो. तारा सारख्या, लोंढा एकच. त्यामुळे सर्व तारा जवळजवळ एकाच क्षणी उडतात. नेअर्नच्या टेबलावरची क्रीडा युद्धाच्या ऐन मर्मस्थानी जाऊन बसली.

१६ जुलै १९४५ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात त्या बाँबची पहिली चाचणी झाली. ध्वनिक्षेपकावरून शेवटचे सेकंद उलटे मोजीत होता तो सॅम्युएल ॲलिसन. एकवीस वर्षांपूर्वी शिकागोत टंगस्टनच्या तारा उडवून अणू फुटत नाही असे दाखविणारा तोच माणूस, आता उडणाऱ्या बत्तीस तारांनी अणू फोडण्याचा क्षण मोजीत होता. त्याच्या जुन्या निष्कर्षात काही चूक नव्हती. तारेच्या उष्णतेने अणू फुटत नाही, हे १९२४ साली खरे होते आणि त्या पहाटेही खरेच होते. तारेचे काम नुसता इशारा देण्याचे. तथापि तो इशारा कशाचा होता, हे ९ ऑगस्टला नागासाकीत दिसले. तेथे १९४५ अखेरपर्यंत सुमारे ७०,००० माणसे मरण पावली. लॉरेन्स जॉन्स्टन हा वाळवंटातली चाचणी, हिरोशिमा आणि नागासाकी हे तिन्ही स्फोट पाहणारा एकमेव मनुष्य म्हणून ओळखला जातो. विमानात बसून स्फोटाचा दाब मोजण्याचे काम त्याच्याकडे होते.

या टोपीचा एक गुण पुढे शांततेच्या कामी आला. हळवे द्रव्य नसल्यामुळे चुकून लागलेल्या किरकोळ प्रवाहाने किंवा घर्षणाच्या ठिणगीने ती सहसा उडत नाही. तिला आकस्मिक लोंढाच हवा. चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाचे टप्पे विलग करण्याच्या व्यवस्थेत अशाच उडत्या तारा होत्या.

युद्धानंतर तारेचा अभ्यास पुन्हा उजेडात आला. १९५९ ते १९६७ या काळात बोस्टनच्या परिसरात केवळ 'उडत्या तारा' या विषयावर चार परिषदा भरल्या आणि विल्यम चेस व हॉवर्ड मूर यांनी संपादिलेले त्यांचे चार खंड निघाले. फिरत्या आरशाचे कॅमेरे आणि क्ष-किरणांच्या क्षणिक झोताने घेतलेली छायाचित्रे यांमुळे जी घटना डोळ्याला केवळ झगझगाट म्हणून दिसे, तिचे टप्पे एकेक करून उलगडू लागले. त्यातून पुढची झेप घेतली ती न्यू मेक्सिकोतीलच अल्बुकर्क येथे. तेथील सँडिया प्रयोगशाळेच्या 'झेड' नावाच्या यंत्रात टंगस्टनच्या शेकडो तारांचा लहानसा पिंजरा उभा करतात; एकेक तार माणसाच्या केसाच्या दशांशाएवढी. तिच्यातून दोन कोटी अँपियरचा प्रवाह सेकंदाच्या एक कोटीव्या भागात सोडला, की तारांची वाफ होते आणि प्रवाहाच्याच चुंबकीय ओढीने ती आत कोसळते. १९९८ च्या सुमारास या कोसळण्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची शक्ती २९० लक्ष कोटी वॅटच्या घरात पोचली, आणि पोलादाच्या तारा वापरून २०० कोटी अंशांवरचे उष्णतामान गाठल्याचे २००६ साली जाहीर झाले. येथेही निर्वातच असतो, आणि येथेही प्रवाह प्रथम तारेच्या अंगावरल्या वायूतून निसटतो, गाभा काही काळ थंडच राहतो. सिंक्लेअर स्मिथला १९२४ साली आढळलेली अडचण इतक्या मोठ्या यंत्राच्या तज्ज्ञांनाही हिशेबात घ्यावी लागते.

नेअर्नचा प्रश्नही पुरता सुटलेला नाही. १९६० च्या दशकात पोलंडमधील यान नासिलोव्स्की याने तारेतून मोठा झटका सोडला, पण तो तिची वाफ होण्याइतका मोठा ठेवला नाही. तार वितळली नाही, उडाली नाही. तिचे अनेक तुकडे झाले, आणि तुकड्यांची टोके दोन्हीकडून ओढून तोडल्यासारखी दिसली. ताणायला वजन तर कुठे लावलेले नव्हते. पीटर ग्रॅनो याने १९८० च्या दशकात यामागे प्रवाहाच्याच दिशेने काम करणारी, अँपियरच्या जुन्या सूत्रात सांगितलेली ओढ असल्याचे प्रतिपादन केले. इतरांनी ते मानले नाही. आकस्मिक तापल्याने तार प्रसरण पावू पाहते, टोके घट्ट असल्याने तिच्यात कंप उठतात आणि त्या कंपांच्या ताणानेच ती तुटते, असा त्यांचा पक्ष. दोन्ही पक्षांचे निबंध पुढेही निघत राहिले.